सा. न. वि. वि. ते पुलेशु

मोडी अक्षरे लावता येऊ लागली, तरी पेशवेकालीन पत्रे वाचणारा नवा विद्यार्थी थोड्याच वेळात पुन्हा अडतो, तो संक्षेपांपाशी. हिजरी तारखेआधीचा ‘छ’ म्हणजे चंद्र, हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, हे मात्र अंतर्देशीय पत्रांच्या काळापर्यंत घरोघरी ठाऊक होते. वडीलधाऱ्यांना ‘ती.’, धाकट्याला ‘चि.’ आणि ‘अ. उ. आ.’, म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद. कोणी कोणापुढे वाकायचे, हे मायन्यातच ठरून जाई.

तेव्हा आद्याक्षरांची ही हौस संगणकाबरोबर आली, असे म्हणण्यात अर्थ नाही. १९९६ साली सुरू झालेली ‘मायबोली’, पुढे ‘मनोगत’ (२००४) आणि ‘मिसळपाव’ (२००७) या संकेतस्थळांवर मराठी माणसे मनसोक्त लिहू लागली, आणि पुलेशु (पुढील लेखनास शुभेच्छा), पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत), व्यनि (व्यक्तिगत निरोप), हहपुवा (हसून हसून पुरेवाट) असे शब्द रूढ झाले. इंग्रजी संक्षेप सुटी अक्षरे उचलतो. त्यांचा उच्चार जुळला तर जुळला. देवनागरीत मात्र अक्षर मात्रेसकट, जोडाक्षरासकट उचलले जाते. ‘ले’, ‘शु’, ‘व्य’ आपापले स्वर घेऊनच येतात. त्यामुळे पुलेशु हा वाचताक्षणी शब्द होतो, आणि शब्द झाला की त्याला प्रत्ययही लागतात: ‘व्यनितून कळवा’, ‘मिपाकरांनी’, ‘माबोकरांना’.

वाचकांनी हे आधीही केले होते. ग. दि. माडगूळकरांमधली टिंबे गळून ‘गदिमा’ झाले, पु. ल. देशपांड्यांचे ‘पुलं’ झाले. पुलंवरचा तो अनुस्वार मला आदरार्थी अनेकवचनाचा वाटतो, ‘पुलंनी’, ‘पुलंचे’ यांतून मूळ रूपात उतरलेला. ‘जीए’ तर इंग्रजी आद्याक्षरे, तरी जीएंच्या कथा म्हणताना कोणाची जीभ अडत नाही.

या सगळ्यांत माझा आवडता शब्द ‘रच्याकने’. ‘बाय द वे’चे मुद्दाम शब्दशः भाषांतर ‘रस्त्याच्या कडेने’. त्याचा हा संक्षेप. नामांचे पहिले अक्षर तेवढे उरले, पण ‘च्या’ आणि ‘ने’ शाबूत! शब्द झिजले, व्याकरण टिकले. यावर हसायला दोन्ही भाषा याव्या लागतात, हेही खरे.

जुन्या मायन्याहून ही मंडळी एका बाबतीत निराळी. टोपणनावाने लिहिणाऱ्याचे वय कोणाला माहीत? तिथे ना ‘ती.’ लिहिता येत, ना ‘चि.’. म्हणून शुभेच्छा माणसाला न जाता लेखनाला जातात. मराठी शिष्टाचारात हा बदल लहान नव्हे. अर्थात न वाचताच ‘पुलेशु’ टाकून पुढे जाणारेही पुष्कळ निघाले, आणि तिथे त्याची गत थेट ‘सा. न. वि. वि.’सारखी झाली.

अभ्यासकाला मात्र यांतला ‘प्रकाटाआ’ सर्वांत अडचणीचा ठरेल. प्रतिसाद काढून टाकला आहे, एवढाच त्याचा अर्थ. लिहिलेले मागे घेतल्यावर त्या रिकाम्या जागी लेखक स्वतःच हा शब्द ठेवी. खाली इतरांनी त्या प्रतिसादाला दिलेली उत्तरे तशीच राहत.