गार्डन रीच: मातीचा बुरूज आणि नागपूरचं नाव

आज कोलकात्यात फिरायचंय, पण कालीघाट नाही, हावड्याचा पूलही नाही. सकाळी लवकर खिदिरपूरहून गाडी काढायची आणि हुगळीच्या काठाकाठाने गार्डन रीच गाठायचं. अंतर थोडंच आहे. वेळ जातो तो गोदीच्या ट्रकमागे रखडण्यात.

निघताना भूकैलास बघून घ्या. जयनारायण घोषाल यांनी 1781 मध्ये बांधलेली शिवमंदिरं. पिंडी एवढ्या मोठ्या आहेत की आपल्याकडच्या देवळांची सवय असलेला माणूस क्षणभर थबकतो.

पुढे लागतं दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय. जुने लोक याला अजून ‘बीएनआर’ म्हणतात. बीएनआर म्हणजे बंगाल नागपूर रेल्वे. हजाराहून जास्त किलोमीटरवरचं आपलं नागपूर इथे नदीकाठी कसं आलं?

1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी भोसले वारले. औरस मुलगा नव्हता. डलहौसीने दत्तक नाकारला आणि 1854 मध्ये नागपूरचं राज्य खालसा केलं. बांकाबाईंसारख्या वृद्ध राजस्त्रियांनी विरोध केला, तो कुणी ऐकला नाही. हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात गेले. दागिने विक्रीसाठी कुठे पाठवले? याच कलकत्त्याला.

दोन वर्षांनी अवधची पाळी आली. इथे तर वारसाचाही प्रश्न नव्हता. कारभार वाईट, एवढं कारण पुरलं. वाजिद अली शाहने तहावर सही करायला नकार दिला, लखनौ सोडलं आणि मे 1856 मध्ये तो कलकत्त्याला उतरला. बीएनआर हाऊसच्या जागीच त्याचं पहिलं घर होतं असं सांगतात. 1857 ला उठाव होताच त्याला फोर्ट विल्यममध्ये अडकवलं, 1859 ला सोडलं. वर्षाला बारा लाख तनखा ठरला. बिठूरच्या दुसऱ्या बाजीरावाला आठ लाख होते, हे आपल्याला लगेच आठवतं.

पण बारा लाखांचा दुसराही हिशेब आहे आणि तो आपल्या सोयीचा नाही. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा 1742 पासून बंगालवर चालून येत होत्या. 1751 मध्ये अलिवर्दीखानाने ओडिशा सोडला आणि वर्षाला बारा लाख चौथाई कबूल केली, तेव्हा ते थांबलं. बंगाली आया मुलांना झोपवताना अजून ‘बर्गी’ आले म्हणून सांगतात. ते बर्गी म्हणजे आपणच. नागपूर बुडाल्याचं दुःख करताना हेही लक्षात असू द्या.

असो. आता मटियाबुर्ज. माटी म्हणजे माती, बुर्ज म्हणजे बुरूज. मराठी माणसाला वेगळा अर्थ सांगायला नको. इथे वाजिद अलीने दुसरं लखनौ वसवलं. वाडे, प्राणिसंग्रह, ठुमरी, कथक, पतंग. सोबत खानसामे आले, शिंपी आले. कोलकात्याच्या बिर्याणीतला बटाटा तिथूनच आला म्हणतात, आणि शिवणकाम तर आजही इथला मुख्य धंदा आहे. रविवारी येऊ नका, कपड्यांच्या बाजारात गाडी हलत नाही.

21 सप्टेंबर 1887 ला तो वारला. इंग्रजांनी मालमत्ता विकली, वाडे पाडले. त्याच वर्षी बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली आणि पुढे तिचं मुख्यालय याच गार्डन रीचमध्ये आलं. डलहौसीने गिळलेल्या एका राज्याच्या शेवटच्या राजाच्या वस्तीत दुसऱ्या राज्याच्या राजधानीचं नाव लागलं, तेही रेल्वेच्या पाटीवर.

राहिला सिब्तैनाबाद इमामबाडा, 1864 चा. कमानीवर अवधच्या राजचिन्हातल्या मत्स्यकन्या दिसतील. चपला बाहेर काढा, आवाज हळू. आत वाजिद अलीची कबर आहे आणि त्याचा मुलगा बिरजिस कद्र याचीही. 1857 मध्ये लखनौत बंडवाल्यांनी गादीवर बसवलेला पोरगा तो हाच. आई बेगम हजरत महलबरोबर तो नेपाळात गेला. आपले नानासाहेब पेशवेही तिकडेच गेले. बेगम 1879 मध्ये काठमांडूत वारली. बिरजिस कद्र पुढे कलकत्त्याला परतला आणि 1893 मध्ये इथेच गेला. नानासाहेबांची समाधी मात्र नक्की कुठे, ते कुणालाच सांगता येत नाही.