जस्ताचे कवच

विजेच्या तारा ज्यातून नेतात त्या लोखंडी नळ्यांवर कधी काळा रंग असतो, तर कधी राखाडी जस्त. दोन्ही लेप गंज रोखतात. मग फरक कोणता? उत्तरासाठी आपण १८२४ सालच्या इंग्लंडमध्ये जाऊ.

तेथील आरमाराच्या लाकडी जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे खाऱ्या पाण्याने झिजत. हंफ्री डेव्ही यांनी त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे झिजले, तांबे वाचले! पण विरघळणारे तांबे जलचरांना विषारी असते. ते विरघळेनासे होताच तळाला शेवाळ व शंखशिंपले चिकटले, जहाजे मंदावली आणि उपाय सोडावा लागला.

तत्त्व मात्र खरे होते. १८३७ साली फ्रान्समध्ये सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. रंगावर ओरखडा पडला, की गंज तेथूनच शिरतो. जस्तावर पडला, तर शेजारचे जस्त स्वतः झिजून उघडे लोखंड वाचवते.

अर्थात, ही राखण जवळपासपुरतीच. नळी कापून आटे पाडले, की बरेच लोखंड उघडे पडते. तेथे जस्तयुक्त रंग लावावा लागतो. नळी हाच अर्थिंगचा मार्ग असेल, तर गंजलेला सांधा जिवावर बेतू शकतो.

वर्गात एक रंगवलेला आणि एक जस्तलेपित खिळा कानशीने ओरखडून मिठाच्या पाण्यात वेगवेगळे ठेवू. आधी कोणता गंजेल? मुलांनाच विचारू.