अफूचे कुळ

आमचे बऱ्हाणपूर, लोधीपुरा ज्याचाच भाग, मोगलकाळी आग्रा-सुरत मार्गावरचे मोठे ठाणे होते. अशा वाटांनी मालाबरोबर नावेही प्रवास करतात. अफूचे मूळ संस्कृत ‘अहिफेन’, म्हणजे सर्पाचा फेस, असे आपण अभिमानाने सांगतो. परंतु चरक-सुश्रुतांना अफू ठाऊक नाही. ती १३व्या शतकाच्या सुमारास शार्ङ्गधरसंहितेत आढळते. ग्रीक ‘ओपोस’ म्हणजे चीक. त्यापासून ‘ओपिऑन’, मग अरबी ‘अफयून’, आणि त्यालाच आमच्या पंडितांनी संस्कृत वस्त्र नेसविले. वकिली भाषेत, वहिवाट जुनी, पण खरेदीखत परकीय! पंचामृतातली ‘शर्करा’ मात्र उलट गेली. पाली ‘सक्खरा’च्या रूपाने ती ग्रीकांकडे ‘साक्खरॉन’ झाली, आणि १८७९ साली सापडलेल्या सॅकरीनच्या नावात, साखरेचा कणही नसताना, ती अजून नांदते आहे.