संपीडन गुणोत्तर आणि इंधनाची निवड : एका निर्णयाचा इतिहास

अंतर्ज्वलन-एंजिनाचा इतिहास बहुधा यंत्ररचनेचा इतिहास म्हणून लिहिला जातो. सिलिंडर, झडपा, कार्ब्युरेटर यांतील सुधारणा क्रमाने सांगितल्या म्हणजे तो पुरा झाला असे मानण्याची प्रथा आहे. परंतु पेट्रोल एंजिनाच्या प्रगतीला दीर्घकाळ अडसर झाला तो धातूचा नसून इंधनाचा होता. हा अडसर दूर करण्याचे मार्ग एकाहून अधिक असता त्यांतील एकच का स्वीकारला गेला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१

दट्ट्या तळाशी असताना सिलिंडरात जेवढी जागा असते तिला, तो माथ्यावर पोचल्यावर उरणाऱ्या जागेने भागिले असता संपीडन गुणोत्तर मिळते. लन्वार याच्या १८६० च्या एंजिनात वायुमिश्रण पेटविण्यापूर्वी दाबले जातच नसे. साहजिकच ते इंधन फार खाई. १८६२ साली बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने काटकसरीच्या ज्या अटी सांगितल्या, त्यांत प्रसरणाच्या आरंभी दाब शक्य तितका अधिक असावा ही एक होती. १८७६ साली निकोलाउस ऑटो याने चार धावांचे एंजिन यशस्वी करून हे तत्त्व व्यवहारात आणले.

या तत्त्वाचे महत्त्व आकड्यांनी स्पष्ट होईल. सिलिंडरात केवळ हवा आहे असे कल्पून तिच्या दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर १.४ धरले, तर संपीडन गुणोत्तर ४ असता औष्णिक कार्यक्षमता सुमारे ४३ टक्के येते, ८ असता ५६ टक्के व १२ असता ६३ टक्के. प्रत्यक्षात हे आकडे बरेच खाली येतात. तथापि त्यांचा कल तोच राहतो. गुणोत्तर वाढविले की तेवढ्याच इंधनात अधिक काम मिळते, मात्र पुढच्या प्रत्येक वाढीचा लाभ उत्तरोत्तर घटत जातो.

२

असे असूनही फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाडीचे गुणोत्तर ४ च्या आसपासच राहिले. त्याहून अधिक दाब दिला की एंजिनातून घणाचे घाव बसल्यासारखा आवाज येई, शक्ती घटे आणि दट्ट्याला इजा पोचे. मोटारवाले ज्याला ‘नॉकिंग’ म्हणतात ते हेच. ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरात पसरत असता शेवटी उरलेले मिश्रण दाबाने व उष्णतेने तापते आणि ज्योत पोचण्यापूर्वीच आपोआप एकदम पेटते. हा दोष ठिणगीच्या आधी होणाऱ्या अकाली ज्वलनाहून भिन्न आहे, हे प्रथम सर्वांच्या लक्षात आलेले नव्हते.

इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो याने १९१९ साली, चालू असतानाच गुणोत्तर बदलता येईल असे एंजिन बांधले आणि निरनिराळी इंधने त्यात तपासली. प्रत्येक इंधनाला आपले असे एक उच्चतम उपयुक्त गुणोत्तर असते, हा त्याचा निष्कर्ष होता. बेंझीन, टोल्वीन व मद्यार्क यांना अधिक दाब सोसतो, असेही दिसून आले. डीझेल एंजिनाला ही मर्यादा बाधत नाही, कारण तेथे केवळ हवा दाबली जाते व इंधन मागाहून सोडले जाते.

३

अमेरिकेत जनरल मोटर्सच्या संशोधनशाळेत चार्ल्स केटरिंग याच्या हाताखाली टॉमस मिजली याच प्रश्नावर काम करीत होता. आयोडीन, ॲनिलीन, सेलेनियम, टेल्युरियम अशा अनेक पदार्थांच्या चाचण्यांनंतर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग विलक्षण प्रभावी असल्याचे आढळले. एका गॅलन पेट्रोलला सुमारे ३ घन सेंटिमीटर एवढी मात्रा पुरे होई.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. मद्यार्कमिश्रित पेट्रोल ठोका थांबविते, हे मिजलीला चांगले ठाऊक होते. ते त्याने स्वतः सिद्ध करून दाखविले होते. परंतु मद्यार्क टाकीचा पाचवा हिस्सा तरी व्यापणार, त्याचा प्रचंड पुरवठा उभा करावा लागणार, त्यात अमेरिकेत तेव्हा दारूबंदी. शिवाय मद्यार्क कोणालाही बनविता येण्याजोगा. शिशाच्या उपयोगाचे मात्र एकस्व घेता येत होते. तांत्रिक व व्यापारी कारणे अशी एकत्र आली आणि फेब्रुवारी १९२३ मध्ये शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली.

ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथे हे संयुग तयार करणारे पाच कामगार विषबाधेने मरण पावले व तीसहून अधिक रुग्णालयात गेले. विक्री थांबली. मे १९२५ मध्ये सरकारने भरविलेल्या परिषदेत यँडेल हेंडरसन व ॲलिस हॅमिल्टन यांनी धोक्याची स्पष्ट सूचना दिली. त्यानंतर नेमलेल्या समितीने ओहायोतील २५२ चालक व गराजमधील कामगार तपासून १९२६ च्या आरंभी, बंदी घालण्यास सबळ कारण नाही असा अभिप्राय दिला. परंतु दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास पुढेही चालू ठेवावा, असे तिने बजाविले होते. हा अभ्यास पुढे मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालला. समितीच्या निर्णयाचा पहिला भाग अमलात आला, दुसरा जवळजवळ विसरला गेला.

४

१९२६ सालीच ग्रॅहम एडगर याने आयसो-ऑक्टेनला १०० व नॉर्मल हेप्टेनला शून्य मानून ऑक्टेन अंकाची पद्धती सुचविली, आणि तेलशुद्धी व एंजिनरचना यांना एक समान भाषा मिळाली. १९४९ च्या ओल्ड्समोबिलचे गुणोत्तर ७.२५ होते, १९६० च्या दशकात अनेक अमेरिकन गाड्यांनी १० चा आकडा ओलांडला.

क्लेअर पॅटरसन या भूरसायनतज्ज्ञाने १९६५ साली दाखवून दिले की, माणसाच्या शरीरातील शिशाचे जे प्रमाण स्वाभाविक समजले जाई ते मुळी स्वाभाविक नव्हतेच. तरीही शिसे हटण्यास पहिली गती मिळाली ती वेगळ्याच कारणाने. धूर शुद्ध करणाऱ्या उत्प्रेरकातील प्लॅटिनम शिशाने निकामी होते. म्हणून १९७१ च्या गाड्यांत जनरल मोटर्सने गुणोत्तर खाली आणले आणि १९७३ च्या नियमाने शिसेविरहित पेट्रोल विक्रीस ठेवणे भाग पडले. मानवी आरोग्यासाठी केलेला नियम मात्र न्यायालयात अडकून १९७६ साली मान्य झाला. अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी पूर्ण बंदी १९९६ साली आली, भारतात शिसेयुक्त पेट्रोल फेब्रुवारी २००० मध्ये बंद झाले, आणि २०२१ साली अल्जीरियात या प्रकरणाचा शेवट झाला.

५

बाजूला सारलेला मद्यार्क आज परत आला आहे. आपल्याकडे १९४८ साली पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता, तो मळीपासूनच्या मद्यार्कासाठी. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली गाठले गेले. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असल्याने अशा मिश्रणात दर लिटरमागे ६ ते ७ टक्के उष्णता कमी असते. त्याचा ऑक्टेन अंक अधिक खरा. पण त्याचा पुरा लाभ गुणोत्तर वाढवून बांधलेल्या एंजिनालाच मिळतो. जुन्या एंजिनात ती शक्ती वाया जाते.

इंधन व एंजिन ही एकाच प्रश्नाची दोन अंगे होत, हे रिकार्डोने शंभर वर्षांपूर्वी दाखविले. त्या प्रश्नाला माणसाच्या आरोग्याचे तिसरेही अंग आहे, हे १९२५ च्या परिषदेत सांगितले गेले होते. ते ऐकण्यास लागलेला विलंब हाच या इतिहासाचा मुख्य धडा होय.