सोला हॅटचा धडा

जुन्या सरकारी फोटोंत साहेबाच्या डोक्यावर एक फुगीर टोपी हटकून दिसते. ती सोला हॅट. पुष्कळांना वाटते, ‘सोलर’ म्हणजे सूर्याचा, त्यावरून हे नाव पडले. तसे नाही बरे का! पाणथळ जागी उगवणाऱ्या शोला नावाच्या वनस्पतीच्या हलक्या भेंडापासून ती करीत, म्हणून ती सोला.

ही टोपी नुसती ऐट नव्हती. तिच्यामागे भीती होती. हिंदुस्थानात गोरे सोल्जर उन्हाळ्यातल्या कूचात पटापट कोसळत. दोष उष्म्याचा आणि अंगावरच्या घट्ट, जाड कपड्यांचा. पण समजूत अशी पसरली, की उन्हातले अदृश्य किरण कवटी भेदून मेंदूत शिरतात. १९०५ साली चार्ल्स वुड्रफ या अमेरिकन लष्करी डॉक्टराने त्यावर ग्रंथच लिहिला. कोणी पाठीच्या कण्यावरही गादी बांधीत! आणि शेजारी मुंडासे बांधून दिवसभर नांगर धरणारा आपला शेतकरी? तर म्हणे, त्याचा वंशच निराळा!

पुढे फिलिपीन्समध्ये अमेरिकन सैनिकांना किरण अडवणारी नारिंगी-तांबडी अंतर्वस्त्रे घालून पाहिली. १९१० साली अहवाल निघाला: फायदा काही नाही, उलट उकाडा जास्त. तरी सोला हॅट डोक्यावरून उतरायला दुसरे महायुद्ध उजाडावे लागले. गंमत पाहा, इकडे साहेब टोपीखाली दडत होता, त्याच सुमारास, १९२० नंतर, तिकडे युरोपात त्याचेच भाऊबंद समुद्रकिनारी हौसेने अंग भाजून घेत होते!

मग ते किरण निरुपद्रवी म्हणावे काय? नाही. अतिनील किरण कवटी भेदीत नाहीत, पण कातडी जाळतात. वर्षानुवर्षांच्या उन्हाने त्वचेचा कर्करोगही होतो. ऑस्ट्रेलियातल्या गोऱ्या वस्तीला हे फार महागात पडले. १९८१ साली तिथल्या व्हिक्टोरिया राज्यातील कर्करोग संस्थेने टेलिव्हिजनवर सीड नावाच्या सीगल पक्ष्याला नाचवून घरोघर सांगितले: सदरा चढवा, मलम चोपडा, टोपी घाला.

म्हणजे टोपी पुन्हा आलीच! तिच्या काठाची सावली तोंडावर पडे, हाच तिचा खरा गुण. साहेबाने तोच हिशेबात धरला नव्हता. उपाय बरा, पण कारण खोटे असले, की कारणाबरोबर उपायही फेकला जातो. आपली सावळी कातडी थोडेफार रक्षण करते, संपूर्ण नव्हे. आणि डोळ्यांना तर तेवढाही आधार नाही. तेव्हा भर दुपारी बाहेर पडताना मुंडासे, पदर, छत्री, जे हाताशी असेल ते घ्या. फक्त कशासाठी घेतो, ते ठाऊक असू द्या.