पंचहौद मिशनचा चहा आणि पुण्यातले ग्रामण्य

ऑक्टोबर 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. आमंत्रणे पोचवण्यात पुढाकार होता डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांचा. न्या. महादेव गोविंद रानडे, बाळ गंगाधर टिळक, गोपाळ कृष्ण गोखले अशी मंडळी हजर होती. व्याख्यानानंतर मिशनमधल्या बायकांनी सर्वांपुढे चहा-बिस्किटे ठेवली. काहींनी चहा घेतला, काहींनी यजमानांचा मान राखण्यापुरता पेला हाती धरून खाली ठेवला. पुढे ‘पुणे वैभव’ पत्रात उपस्थितांची नावे छापून आली आणि गावात गदारोळ उठला. सुधारकांची कृती त्यांच्या बोलण्याला धरून आहे का, हे गोपाळरावांना चारचौघांत दाखवायचे होते.

एवढ्याशा चहाचे एवढे मोठे प्रकरण होण्याला कारण होते. या मिशनमध्ये काम करणाऱ्या भगिनी इंग्लंडमधल्या वाँटेजच्या मठाच्या होत्या. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये वाँटेजलाच बाप्तिस्मा घेतला होता, आणि 1890 च्या अखेरीस त्यांची शारदा सदन ही विधवांची शाळाही मुंबईहून पुण्याला आली. संमतिवयाच्या कायद्यावरून शहर तापले होते ते याच सुमारास. त्यामुळे सनातन्यांना या पेल्यात धर्मांतराची चाहूल लागली.

तक्रार शंकराचार्यांकडे गेली. त्यांनी चौकशीसाठी शास्त्री नेमले. टिळकांनी शास्त्राधारे आपली बाजू मांडली आणि काशीला सर्वप्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. सामाजिक सुधारणेत कायद्याचा हात नको म्हणणारे टिळकही या कचाट्यातून सुटले नाहीत. पुण्यातल्या राजकारणाची ‘सुधारक’ आणि ‘सनातनी’ अशी सोपी वाटणी या प्रकरणापुढे टिकत नाही.

ग्रामण्याचा, म्हणजे जातीने टाकलेल्या बहिष्काराच्या वादाचा, खरा मार बसला तो घरांवर. बहिष्कार पडला की भटजी मिळेना, श्राद्धाला ब्राह्मण येईना, मुलाची मुंज अडे, मुलीच्या लग्नाला सोयरे कचरत. सासरी गेलेल्या लेकीला माहेरचे दार बंद होण्याची भीती असे. आरोप पुरुषांवर असला, तरी कुढत राहायचे ते घरातल्या बायकांनी. भाषणे आणि अग्रलेख यांत ही बाजू क्वचितच उमटली.

रानड्यांनी 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. सुधारकांच्या गोटात नाराजी पसरली, कारण इतकी वर्षे ज्यांच्याकडे पाहून लोक धीर धरत, तेच नमले असे वाटले. रानड्यांची अडचण वेगळी होती. त्यांच्याबरोबर बहिष्कारात सापडलेल्या स्नेह्यांची घरकार्ये खोळंबली होती, आणि आपण अडून बसलो तर त्यांची सुटका होणार नाही, हे त्यांना दिसत होते. त्यांच्या पत्नी रमाबाई रानडे यांना हा निर्णय रुचला नव्हता. ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या 1910 च्या पुस्तकात त्यांनी हा प्रसंग सांगितला आहे. ग्रामण्याची झळ घराच्या आतून कशी लागत होती, हे समजून घ्यायला शास्त्र्यांच्या निवाड्यापेक्षा ते पुस्तक अधिक उपयोगी पडते.