सोळा आण्यांची वंशावळ

चहाच्या किंवा निळीच्या मळ्याचा मालक असलेल्या एखाद्या इंग्रज गृहस्थाचे घराणे धुंडाळून काढणे हे तुलनेने सोपे काम होय. असा गृहस्थ निलगिरीवर वारला काय किंवा बिहारात वारला काय, त्याचे मृत्युपत्र रीतसर कोर्टापुढे येई, त्याची नक्कल लंडनच्या दप्तरात जाई, आणि मळा कोणास, घोडी कोणास, चांदीचे चमचे कोणत्या पुतणीस हे सारे काळ्यावर पांढरे झालेले असे. शंभर वर्षांनी कोणी त्या घराण्याचा शोध घेऊ लागला तर एका मृत्युपत्रावरून दुसऱ्या मृत्युपत्रावर पाऊल ठेवीत तो पार मूळ पुरुषापर्यंत जाऊन पोहोचतो.

सातपुड्याच्या घाटाखाली, जाम आणि कन्हान या नद्यांच्या काळ्या जमिनीत, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर या मुलखात, हा मार्ग चालत नाही. येथे मळेवाला नव्हता. येथे मालगुजार होता. आणि हा मालगुजार बहुधा मृत्युपत्र न करताच मरे. त्याच्या घराण्याची कथा त्याने स्वतः लिहिली नाही. ती पटवाऱ्याने लिहिली.

ही कथा समजून घ्यावयाची तर प्रथम हा मालगुजार आला कोठून हे पाहिले पाहिजे. देवगडच्या गोंड राजांच्या काळी, विशेषतः बख्त बुलंदाच्या अमदानीत, या भागात बाहेरून कुणबी व इतर शेतकरी येऊन वसले. पुढे नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले. भोसल्यांच्या राज्यात गावाचा पाटील हा गावाचा मालक नव्हता. सरकारशी सारा ठरवावा, रयतेकडून तो गोळा करावा, पडीक जमिनीवर कुळे आणून बसवावीत आणि त्या श्रमांबद्दल वसुलातील काही वाटा घ्यावा, एवढाच त्याचा अधिकार. सारा थकला तर पाटीलकी दुसऱ्याकडे जाई. १८१७च्या सीताबर्डीच्या लढाईनंतर तिसरे रघूजी अज्ञान असल्यामुळे १८१८ ते १८३० पर्यंत राज्याचा कारभार इंग्रजांच्या हाती होता, आणि त्यातील बहुतेक काळ रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने तो पाहिला. त्याने थोड्या थोड्या वर्षांच्या मुदतीने पाटलांशीच करार केले. १८२७ साली प्रसिद्ध झालेला त्याचा अहवाल आजही या विषयाच्या अभ्यासकास टाळता येत नाही.

१८५३च्या डिसेंबरात रघूजी वारले. पोटी पुत्र नाही, हयातीत दत्तक घेतलेला नाही. राण्यांनी यशवंतराव या नात्यातील मुलास दत्तक घेऊन त्याचे नाव जानोजी ठेविले. नवऱ्याची स्पष्ट आज्ञा नसली तरी विधवेस दत्तक घेता येतो, ही महाराष्ट्रातील जुनी रूढी त्यांच्या बाजूने होती. लॉर्ड डलहौसीने ती मानली नाही आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. राजवाड्यातील जडजवाहीर लिलावात निघाले. वृद्ध बांकाबाईंनी कळविलेल्या विनवण्या कागदावरच राहिल्या.

यातील विरोध मात्र ध्यानात घेण्यासारखा आहे. ज्या रूढीने राजाचे राज्य वाचले नाही, त्याच रूढीने पुढील शंभर वर्षे त्याच राज्यातील खेडोपाडीची लहान लहान वतने आणि मालगुजाऱ्या वाचविल्या. पाटलाची विधवा दत्तक घेई, आणि तहसीलदार तो दत्तक निमूटपणे नोंदवून घेई.

१८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली आणि त्याच दशकात तीस वर्षांच्या मुदतीचा बंदोबस्त झाला. या बंदोबस्तात जी गोष्ट घडली तिचा परिणाम एखाद्या लढाईहून मोठा आहे. कालपर्यंत जो वसुलीचा ठेकेदार होता, त्यास सरकारने गावाचा मालक ठरविले. सारा भरील त्याच्या हाती मालकी असली म्हणजे तो जमिनीत पैसा घालील, असा यामागील हिशेब होता. गावातील पडीक, गवताचे रान, झाडे, तलाव, बाजाराची जागा, घरांखालची पांढरी ही सर्व मालगुजाराची झाली. ज्याच्या पणजोबाने तेच रान तोडून शेत केले होते, तो कुळ झाला. काहींना मौरुसी हक्क मिळाले, म्हणजे पिढीजात वहिवाटीचे संरक्षण मिळाले. बाकीच्यांना ते मिळावयास पुढचे कायदे यावे लागले. लेखणीच्या एका फटकाऱ्याने एवढी मालमत्ता एका वर्गाच्या पदरात पडल्याचे उदाहरण विरळाच. या मालकीत न्याय किती होता हा प्रश्न त्या वेळच्या अधिकाऱ्यांनाही सुटला नव्हता. एकामागून एक कुळकायदे करावे लागले यातच त्याची कबुली आहे.

आता शोधाकडे वळू या. बंदोबस्ताच्या वेळी प्रत्येक गावाची एक मिसल तयार होई. तीत नकाशा, खसरा, जमाबंदी, गावचे रिवाज सांगणारा वाजिब-उल-अर्ज आणि खेवट असे कागद असत. यातील खेवट म्हणजे मालकांची यादी. वरवर पाहता हा अगदी रूक्ष कागद आहे. नाव, बापाचे नाव, जात, राहण्याचे ठिकाण आणि हिस्सा. परंतु जो हिस्सा वाचावयास शिकला त्यास वंशावळ निराळी विचारावी लागत नाही.

पूर्ण गाव म्हणजे सोळा आणे. आण्याच्या बारा पै, म्हणजे गाव एकशे ब्याण्णव पैंचे. खेवटीत एखाद्याचा हिस्सा पाच आणे चार पै लिहिलेला असेल तर ते चौसष्ट पै झाले, म्हणजे बरोबर एक तृतीयांश. अर्थात मूळ पुरुषास तीन मुलगे होते. पुढच्या बंदोबस्तात त्याच गावात दोन आणे आठ पैंचे दोन हिस्सेदार आणि पाच आणे चार पैंचे दोन हिस्सेदार दिसले, तर एका भावाच्या घरी दोन मुलांत वाटणी झाली आणि दुसऱ्या दोघांकडे एकेक वारस राहिला किंवा वाटणी अद्याप व्हावयाची होती, असे उमगते. एक आणा चार पै दिसले की तिसऱ्या हिश्शाचा चौथा भाग. आणि जेथे पैचेही अपूर्णांक पडू लागतात तेथे घराणे वाढले आणि जमीन तेवढीच राहिली, हे सांगावयास दुसरा साक्षीदार नको. दहा आणे आठ पै एका परक्याच्या नावावर आणि पाच आणे चार पै जुन्या आडनावावर असे दिसले, तर दोन भावांनी गमावले आणि एकाने राखले.

हा परका बहुधा सावकार असे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी मध्यप्रांताचे कंबरडे मोडले. बियाण्यासाठी, साऱ्यासाठी आणि लग्नासाठी काढलेले कर्ज व्याजाने फुगे आणि शेवटी आण्या-पैंनी गाव सावकाराकडे सरके. १९३३चा कर्ज तडजोडीचा कायदा होईपर्यंत पुष्कळ खेवटींवरील जुनी नावे पुसली गेली होती.

तथापि नाव खेवटीतून गेले म्हणजे घराणे गावातून गेले असे नव्हे. अननुभवी शोधकर्ता येथेच चुकतो. मालगुजार स्वतः कसावयास ठेवी त्या जमिनीस सीर म्हणत. मध्यप्रांताच्या कुळकायद्यात अशी तरतूद होती की, गावाची मालकी विकली गेली तरी जुन्या मालकाने सीर जमिनीतील कसण्याचा हक्क स्पष्टपणे सोडून दिला नसेल, तर तो त्या जमिनीचा मौरुसी कुळ म्हणून राही. म्हणून खेवटीत हरवलेला माणूस जमाबंदीत पाहावा. काल जो सोळा आणे मालक होता तो तेथे आपल्याच जुन्या गावात, नव्या मालकास लगान देणारा कुळ म्हणून खालच्या ओळीत बसलेला सापडतो. त्याच्या मुलांस तो अपमान वाटला असेल. परंतु जमीन त्यामुळेच टिकली.

बायकांची नावे या कागदांत सहसा येत नाहीत, आणि येतात तेव्हा काहीतरी घडलेले असते. ‘बेवा’ हा शब्द नावापुढे दिसला की विधवा. तिच्यापाठोपाठ दोनचार वर्षांत दाखल-खारीजच्या नोंदवहीत एखाद्या अज्ञान मुलाचे नाव आले, त्याच्या पुढे पालनकर्ती म्हणून तीच विधवा असली, आणि मुलाच्या बापाचे नाव तिच्या मृत पतीचे असूनही जन्म मात्र पतीच्या मृत्यूनंतर पुष्कळ वर्षांचा निघाला, तर तो दत्तक. आणि विधवेच्या नावामागून एकदम दिराचे किंवा पुतण्याचे नाव आले, तर दत्तक घेणे तिला जमले नाही किंवा घेऊ दिले गेले नाही.

येथे या मुलखाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवावे लागते. पांढुर्णा-सौंसर हा दोन धर्मशास्त्रीय संप्रदायांच्या सीमेवरचा मुलूख आहे. घाटावरील हिंदी भाषी कुटुंबांना बनारस संप्रदायाचा मिताक्षरा लागू. त्यात पतीची स्पष्ट आज्ञा असल्याखेरीज विधवेस दत्तक घेता येत नसे, आणि मुलीस बापाची मिळकत आली तरी ती हयातीपुरती. घाटाखालील महाराष्ट्रीय कुटुंबास मुंबई संप्रदाय लागू झाला, तर विधवेस आज्ञेची गरज नाही आणि मुलगी पूर्ण मालक. एकाच तहसिलीत, एका बांधाच्या दोन अंगांस, दोन विधवांचे नशीब निराळे. मग भांडण लागे ते एवढ्यावरच की हे कुटुंब मूळचे कोठले? बाहेरून येऊन वसलेले कुटुंब आपला मूळचा कायदा बरोबर घेऊन येते असे गृहीत धरावे, हे तत्त्व प्रिव्ही कौन्सिलने मध्यप्रांतातून गेलेल्या बळवंतराव विरुद्ध बाजीराव या खटल्यात १९२० साली मान्य केले. त्यामुळे वकिलांस कुळाची कुलदेवता, लग्नाचे विधी, घरातील भाषा, पूर्वजांच्या स्थलांतराच्या आठवणी हे सर्व पुराव्यादाखल धुंडाळावे लागे. इतिहासाच्या अभ्यासकास ही पर्वणीच. अशा कज्ज्यांच्या जबान्यांत जी वंशावळ सापडते ती भाटांच्या वहीतही सापडावयाची नाही; मात्र दोन्ही पक्षांची वंशावळ ताडून पाहावी, कारण शपथेवर पूर्वज निर्माण करणारे लोकही पुष्कळ होते.

मग मृत्युपत्रे मुळीच नव्हती काय? होती, पण थोडी, आणि त्यांना कारण आहे. एकत्र कुटुंबातील वडिलोपार्जित हिस्सा मृत्युपत्राने देता येत नसे. माणूस मेला की त्याचा हिस्सा उरलेल्या भावबंदांत विरून जाई. मृत्युपत्र करी तो स्वकष्टार्जित मिळकतीचा धनी, विभक्त झालेला भाऊ, किंवा ज्याला मुलगा नाही असा मनुष्य. शिवाय पुष्कळशी मृत्युपत्रे लिहिलीच गेली नाहीत. १ जानेवारी १९२७ पूर्वी मध्यप्रांतातील हिंदूस तोंडी मृत्युपत्र करण्याची मुभा होती. अंथरुणाभोवती जमलेल्या चार पंचांसमक्ष ‘विहिरीकडचे शेत धाकटीला’ असे म्हटले तरी ते कायद्याने पुरे होते, साक्षीदार टिकले तर. त्या तारखेनंतर मात्र लेख, सही आणि दोन साक्षी अवश्य झाल्या.

लेखी मृत्युपत्र नोंदविलेले असेल तर ते नोंदणी कचेरीच्या तिसऱ्या क्रमांकाच्या पुस्तकात असते. त्याच पुस्तकात दत्तक घेण्याची आज्ञापत्रेही नोंदली जातात. मरणाच्या छायेत मनुष्यास सुचणाऱ्या या दोन गोष्टी सरकारने एकाच बासनात बांधल्या आहेत. खरेदीखतांचे पहिले पुस्तक कोणासही पाहता येते. तिसरे तसे खुले नाही. लिहून देणारा जिवंत असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यावर कोणीही मागावी.

१९३७ साली विधवेस नवऱ्याच्या जागी हिस्सा देणारा कायदा झाला, पण १९४१ साली फेडरल कोर्टाने तो शेतजमिनीस लागू नाही असे ठरविले आणि प्रांतांना निराळे कायदे करावे लागले. जिचे सर्वस्व शेतातच होते तिला या निर्णयाने काय वाटले असेल ते सांगावयास नको. पूर्ण मालकी तिच्या हाती आली ती १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने.

तोवर मालगुजारी संपली होती. ३१ मार्च १९५१ रोजी मध्यप्रदेशातील मालगुजारांचे मालकी हक्क सरकारजमा झाले. रान, तलाव, बाजार, पडीक गेले. घर राहिले आणि स्वतःच्या वहिवाटीची सीर व खुदकास्त जमीन राहिली. ती किती, हे १९४८-४९च्या वार्षिक कागदांत जे लिहिले होते त्यावर ठरले. त्या एका वर्षाच्या पटवाऱ्याच्या कागदांस त्यामुळे सनदेचे मोल आले. पुढे १९६०च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर वाटण्यांच्या नोंदी जागोजागी वाढतात. त्यांतील काही खऱ्या, काही कागदापुरत्या. एकाच चुलीवर जेवणारी पाच माणसे कागदावर पाच खातेदार झालेली दिसली, तर शोधकर्त्याने ती घरे फुटली असे एकदम समजू नये. फेरफाराची नोंद ही सारा कोणी भरावा यासाठी असते. तिने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालये वारंवार सांगत आली आहेत.

१९५६च्या राज्य पुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे एकाच घराण्याचे कागद दोन राज्यांत विभागले: गावची मिसल इकडे, आणि नागपूरच्या वरिष्ठ न्यायालयात गेलेल्या अपिलाचे दप्तर तिकडे. भोसलेकालीन कागद मोडीत, बंदोबस्ताच्या कागदांत फारसी शब्दांची रेलचेल, नंतरचे हिंदीत. तीन पिढ्यांसाठी तीन वाचक लागतात. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. परंतु जुन्या मिसलींच्या वेष्टनांवर पांढुर्ण्याची गावेदेखील ‘तहसील सौंसर, जिल्हा छिंदवाडा’ याच नावाखाली बांधलेली आहेत, आणि आजोबांच्या सोळा आण्यांचा शोध घेणाऱ्याने अर्जावर तेच नाव लिहावे लागते.